ओवी, खिळे आणि थेट मिस्सा

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या साष्टी भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक साधी अडचण होती. जुनी पुराणं वाचायला आणि ऐकायला मनाई झाली होती. नव्या धर्मात प्रार्थना होत्या, प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तकं होती. पण चार माणसं जमवून रसाळपणे ऐकावं असं काही नव्हतं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट पाद्रीने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ही अडचण मांडली आहे. शिकवण चालू असताना एक ब्राह्मण विचारतो, की तुम्ही आमची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या तोडीचं दुसरं पुराण का देत नाही? प्रश्न खराच कुणी विचारला असेल किंवा कवीने रचला असेल; पण अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा धर्मग्रंथ श्रोत्याच्या तक्रारीपासून सुरू व्हावा, यातच स्टीफन्सची दृष्टी दिसते.

हे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता, आणि तोही जवळजवळ चुकून. निघाला होता अबिसिनियाला, राहिला गोव्यात. त्यात देवनागरी खिळे नव्हते. इथल्या लिपीत छापायची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्सने रोमला पत्रही लिहिलं होतं, पण ते त्याच्या हयातीत घडलं नाही. तरी ग्रंथ थांबला नाही. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा निघाला, चर्चमध्ये वाचला गेला, घरोघरी गायला गेला. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम दिला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांत. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि नंतर जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याला लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी पोथी सापडली.

चर्चचं फेसबुक पान, युट्यूब वाहिनी, पॅरिशचा व्हॉट्सअॅप गट यांविषयी हल्ली बोलणं निघालं, की जणू चर्चवर पहिल्यांदाच असा प्रसंग आला आहे असा सूर लागतो. एक बाजू उत्साहाने फोन पुढे करते, दुसरी मान हलवते. मराठी ख्रिस्ती समाजाची चारशे वर्षं पाहिली तर ही वादावादी जुनीच आहे असं दिसतं. छापखाना, नियतकालिक, कीर्तन, चित्रपट, प्रत्येक वेळी हेच झालं. माध्यम कुठे फळलं आणि कुठे फसलं याचा हिशेबही त्या इतिहासात आहे. समोरच्याची भाषा आणि चाल ज्यांनी उचलली, त्याला उलट बोलायची जागा दिली, त्यांचं काम टिकलं. ज्यांना फक्त वाद जिंकायचा होता, त्यांचं वादाच्या गर्दीबरोबरच विरून गेलं.

मुंबईत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. 1813 च्या सनदेनंतर त्यांना राहता आलं. चारच वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि मराठी पत्रकं बाहेर पडू लागली. 1826 मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर पूर्ण झालं, त्याच वर्षी गॉर्डन हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. संपूर्ण मराठी बायबल यायला 1847 उजाडलं. मधल्या काळात खरी मेहनत झाली ती खिळ्यांवर. थॉमस ग्रॅहम नावाच्या कारागिराने या छापखान्यात देवनागरीचे असे सुबक टाइप पाडले, की पुढची कित्येक वर्षं मराठी छपाईवर त्यांची छाप राहिली.

इथे मिशनला एक धडा मिळाला. तो त्यांना आवडला असेलच असं नाही. छापखान्याने माणसं शिकवली, आणि ती माणसं आपापल्या वाटेने गेली. मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं शिळायंत्र उभं केलं आणि 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजी लहान वयात याच छापखान्यात खिळे घासायच्या कामावर लागले. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांच्या ज्या आवृत्त्यांवर पंडितांच्या पिढ्या वाढल्या, त्या निर्णयसागरच्या. बायबलसाठी आणलेलं तंत्र वेदशास्त्रांच्या सेवेला लागलं, यात मिशनचा पराभव कुणाला दिसला असेल. मराठी वाचकाचा मात्र त्यात निखळ फायदाच झाला. नव्या माध्यमावर कुणा एका धर्माची मालकी चालत नाही, ही गोष्ट मुंबईने तेव्हाच पाहिली. आज एखाद्या प्रवचनाच्या चित्रफितीखाली भजनाची चित्रफीत लागते आणि त्याखाली राजकीय भाषण. तेव्हा दचकणाऱ्या पाळकाने या छापखान्याची गोष्ट आठवावी.

‘ज्ञानोदय’ जून 1842 मध्ये अहमदनगरला निघाला. संपादक हेन्री बॅलंटाइन, छपाई शिळेवरची. 1845 मध्ये तो मुंबईला आला. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ दहा वर्षांपूर्वी निघालं होतं आणि भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ नुकतंच सुरू झालं होतं. मराठी पत्रकारितेच्या अगदी पहाटेचा हा अंक. त्यात धर्मोपदेश होता, हिंदू धर्मावर टीका होती, ती कधी कधी बोचरी होती. पण भूगोल, खगोल, यंत्रं, परदेशच्या बातम्या, चित्रं असंही बरंच काही होतं. ख्रिस्ती न होणारे पुष्कळ लोक तो वाचत. हे वाचक उपदेशासाठी येत नसत, हे संपादकांना ठाऊक असावं. तरी त्यांनी विज्ञानाची पानं कमी केली नाहीत.

त्या काळात वादाला तोटा नव्हता. मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईतला जाहीर वाद 1831 चा. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने तिला उत्तर छापलं, पुढे दांडेकरांनी ‘उपदेशचंद्रिका’ नावाचं मासिकच काढलं. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी मिशनऱ्यांशी वाद घालू लागले. जानेवारीपासून मे अखेरपर्यंत हे चाललं आणि ऐकायला अलोट गर्दी लोटे. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या सभांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने आणला. विष्णुबावांच्या बाजूने मराठी पुस्तक काही वर्षांनी आलं. आपापल्या पुस्तकात प्रत्येक बाजू सरस ठरली. वाळूवर जमलेल्यांपैकी कितीजणांचं मत बदललं याची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही. मुंबईकरांची संध्याकाळ मात्र चांगली गेली असणार! हल्ली धर्मावरच्या पोस्टखाली तीनशे उत्तरं जमतात, तिथेही याहून वेगळं काही घडत नाही.

याच ‘ज्ञानोदया’ने 1855 मध्ये जे केलं ते या सगळ्या वादांहून मोठं ठरलं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या मातंग मुलीचा निबंध त्याने दोन अंकांत छापला. मांग आणि महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आहे. शाळकरी मुलीने पेशवाईतल्या छळापासून आपल्या जातीच्या बायकांच्या बाळंतपणातल्या हालांपर्यंत सगळं लिहिलं आणि देवाधर्माच्या नावाने मिरवणाऱ्यांना थेट प्रश्न विचारले. मुक्ताबाईचा धर्म कोणता, ती मंडळीत येणार का, असली अट त्यामागे दिसत नाही. मिशनच्या त्या काळातल्या शेकडो पत्रकांपैकी किती आज कुणाला आठवतात? हा निबंध मात्र पाठ्यपुस्तकांत आणि अभ्यासक्रमांत आहे. आपल्या पानावर दुसऱ्याला बोलू देणं हा माध्यमाचा सर्वात चांगला उपयोग असतो, असं या एका उदाहरणावरून म्हणायला हरकत नाही.

कागद वाचणारे थोडे, ऐकणारे फार. म्हणून नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ते रुजवलं. पूर्वरंग, उत्तररंग, पदं, मृदंग, टाळ, आणि कथा येशूची. चर्चमध्ये ऑर्गनच्या साथीने इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं म्हणायची सवय लावलेल्या काहींना हे फार ‘हिंदू’ वाटलं. पण खेड्यातल्या माणसाला ऑर्गन परका होता आणि मृदंग घरचा.

नारायण वामन टिळकांनी हा प्रवाह शिखराला नेला. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेल्या या कवीने 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो घेताना घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ती होरपळ अशी उतरली आहे की तिची उजळणी इथे नको. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, मराठी उपासनेत भारतीय चाली आणल्या. आजही मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी त्यांची पदं म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणाची हे माहीतही नसतं. 1912 पासून 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. एकाच माणसाच्या हाती नियतकालिकाचं पान आणि कीर्तनाचं व्यासपीठ होतं, आणि कोणती गोष्ट कुठे सांगायची याचं भान त्याला होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मंडळीच्या यादीत नाव नसलेल्यांशी बोलायचं तर आधी त्यांना आत येता यायला हवं, इतका सरळ विचार त्यामागे होता.

त्याच सुमारास केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात टाइप जुळवायला, छापायला आणि बांधणी करायला बायकाच होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्या 1922 मध्ये गेल्या; छापील बायबल 1924 मध्ये पूर्ण झालं. ज्यांना समाजाने टाकलं होतं त्या बायकांच्या हाती यंत्र देणारी ही धर्मसेवा होती. आज पॅरिशची समाजमाध्यमं सहसा दोन-चार तरुण मुलं आणि एखादे फादर सांभाळतात. केडगावची गोष्ट त्यांनी वाचावी.

विसाव्या शतकात चर्चच्या हाती रेडिओ आणि चित्रपट आले. 1931 मध्ये मार्कोनीच्या हातून व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. 1978 चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ होऊन गावोगावी पडद्यावर दिसला. पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर लावायचा, आणि सिनेमा संपल्यावर गर्दी पांगायची. मराठी चर्चच्या जीवनावर त्याहून खोल परिणाम केला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 4 डिसेंबर 1963 रोजी परिषदेने संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेश काढला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा आली. वसईच्या म्हाताऱ्या बायकांना वेदीवर काय बोललं जातं ते पहिल्यांदा शब्दशः कळू लागलं.

वसईतल्या ‘सुवार्ता’ मासिकाची कथा इथूनच पुढे जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 ते 2007 या काळात त्याचे संपादक होते. त्यांनी ते धर्मवार्तेपुरतं ठेवलं नाही. त्या काळात वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारती चढत होत्या, टँकर विहिरींचं पाणी उपसून नेत होते आणि त्याबद्दल बोलणाऱ्याला धमक्या मिळत होत्या. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात दिब्रिटो रस्त्यावर होते, आणि ‘सुवार्ता’ त्या प्रश्नावर लिहीत होती. मासिकाला ख्रिस्ती समाजाबाहेरचे लेखक मिळाले, वाचकही मिळाले. पॅरिशच्या कार्यक्रमांची छायाचित्रं आणि सणाच्या शुभेच्छा यांवर ते मासिक चालवता आलं असतं, आणि ते कुणाच्या आठवणीतही राहिलं नसतं.

दिब्रिटोंच्याच वाट्याला समाजमाध्यमांचं दुसरं रूप आलं. सप्टेंबर 2019 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. ते पाद्री आहेत एवढ्यावरून समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली आणि साहित्य महामंडळाला धमकीचे फोन आले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळून तेव्हा सहा वर्षं झाली होती, टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडलं होतं, कोण जाणे. दिब्रिटो शिवीला शिवीने उत्तर देत बसले नाहीत. जानेवारी 2020 मध्ये ते संमेलनाला गेले, व्यासपीठावरून पर्यावरणावर आणि हिंसेविरुद्ध बोलले. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा शोक करणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती.

संमेलनाला तीन महिने होतात न होतात तोच कोरोनामुळे चर्चचे दरवाजे बंद झाले. 27 मार्च 2020 रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर चौकातून जगाला आशीर्वाद दिला; तो कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिला. 12 एप्रिलचा ईस्टर मराठी कुटुंबांनी घरात फोन भिंतीला टेकवून साजरा केला. ज्या फादरांना मिस्साचं थेट प्रक्षेपण हा शहरी थाट वाटे, तेच आता वेदीसमोर मोबाइल लावून उभे राहू लागले. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी घटस्थापनेला परत उघडली.

या काळाने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला. व्हॅटिकनने 2002 मध्येच इंटरनेटविषयीच्या आपल्या निवेदनात सांगितलं होतं, की पडद्यावरची उपस्थिती साक्रामेंतातल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. 2011 मध्ये पापनिवेदनाला मदत करणारं एक अॅप निघालं तेव्हाही रोमने लगेच स्पष्ट केलं: तयारीला वापरा, पाप सांगायचं ते प्रत्यक्ष याजकालाच. लॉकडाऊनमध्ये कॅथलिकांनी पडद्यासमोर आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना केली; जगभरातल्या काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घरच्या टेबलावर भाकर आणि द्राक्षरस घेऊन प्रभुभोजन केलं, आणि त्यावर वाद झाले. 2023 च्या मे महिन्यात व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने समाजमाध्यमांवर एक चिंतनपर दस्तऐवज काढला. त्याचा आधार चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे: वाटेत पडलेला माणूस दिसला का, थांबलात का? पडद्यातून एकत्र जेवता येत नाही, हे त्यात साफ म्हटलं आहे. त्याहून धाडसाचं म्हणजे बिशप, पाद्री आणि धर्मपुढारीही समाजमाध्यमांवर भांडणं लावतात, अशी कबुली त्यात आहे. अशी कबुली 1857 च्या समुद्रकिनाऱ्यावर कुणी दिली नव्हती.

आता व्यवहाराचं. पॅरिशच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रार्थनेची विनंती येते: अमक्याला अमुक आजार, अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं. हेतू चांगला, पण दुपारपर्यंत ती बातमी गावभर होते आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे त्याला कुणी विचारलेलंही नसतं. पापनिवेदनाची गुप्तता प्राणापलीकडे जपणाऱ्या चर्चने आजारपणाची गुप्तता इतकी स्वस्त का करावी? नाव न लिहिताही प्रार्थना होते. खोट्या निरोपांचं तर विचारूच नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात निरोप पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली. चर्चवरच्या हल्ल्याचा जुना किंवा दुसऱ्याच देशातला व्हिडिओ ‘ताबडतोब पुढे पाठवा’ म्हणून फिरतो, तेव्हा तो थांबवणं हे गट चालवणाऱ्या फादरचं किंवा पाळकाचं काम आहे. दुसऱ्याच्या दैवताची टिंगल करणाऱ्या चित्रफितीलाही हेच लागू. विल्सन आणि दांडेकरांच्या काळात जे पुस्तकी वाद म्हणून खपलं, ते आज घराघरांत ठिणगी टाकतं.

चांगलं काय होतं, तेही डोळ्यांसमोर आहे. लॉकडाऊन संपल्यावरही अनेक चर्चमधले कॅमेरे निघाले नाहीत. अंथरुणाला खिळलेले म्हातारे रविवारची मराठी मिस्सा पाहतात. आखातात आणि कॅनडात गेलेली वसईची मुलं गावच्या सणाची मिरवणूक पाहतात. वसईच्या बोलीतली लग्नगीतं आणि नगरकडची ख्रिस्ती पदं लोक हौसेने रेकॉर्ड करून टाकतात. टिळकांना हे फार आवडलं असतं असं म्हणायला जागा आहे.

म्हणून एक विनंती. 2020 आणि 2021 मधली मराठी प्रवचनं, भक्तीसभा, पदं आणि अंत्यविधीची प्रक्षेपणं आज कंपन्यांच्या सर्व्हरवर पडून आहेत. खातं बंद झालं, संकेतशब्द हरवला, तर ती जातील. प्रत्येक मंडळीने आणि पॅरिशने निवडक चित्रफिती उतरवून घ्याव्यात, त्यांवर तारीख, ठिकाण आणि गाणाऱ्या-बोलणाऱ्यांची नावं घालावीत, आणि एक प्रत धर्मप्रांताच्या किंवा जवळच्या ग्रंथालयात द्यावी. ‘ज्ञानोदया’तला मुक्ताबाईचा निबंध आज आपल्याला वाचता येतो, तो कुणीतरी ते अंक बांधून ठेवले म्हणून.